शेवटच्या कडव्यातले नाव

नीरा-भीमेच्या संगमी उभ्या असलेल्या श्रीनरसिंहाला वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, आमच्या बावड्याच्या मंगल आणि शालन या नणंद-भावजयींचे नवे गाणे आज सकाळी प्रसिद्ध झाले. ते ऐकले आणि माझी पूजा अर्धवट राहिली. का राहिली, हे आजवर कुणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही, देवालाही शब्दांत नाही. आपण मला जवळचे मानता, म्हणून सांगतो.

मंगल गावातच दिलेली. दोघींच्या डाळिंबाच्या बागा शेजारी. माल बाजारात गेला की शेड रिकामी होते. मग आवाज घुमू नये म्हणून भोवती गोधड्या टांगायच्या, क्रेटांच्या उतरंडीवर फोन उभा करायचा, एकीने खंजिरी घ्यायची, दुसरीने टाळ. गाणी स्वतःच रचायची, स्वतःच आपल्या चॅनेलवर सोडायची. "वन्सं, तुमी पट्टी चढवली की फोन चळचळा कापतोय," शालन म्हणायची. "फोन न्हाय, तूच कापतीस. ताल धर," हे मंगलचे उत्तर.

पहिले गाणे सोडण्यापूर्वी त्या माझ्याकडे आल्या. बागेची राखण करणाऱ्या देवाचे गाणे होते. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. माझ्या कानांवरून गेले की गाणे पावन झाले, अशी त्यांची श्रद्धा. शेवटचे कडवे त्यांनी माझ्या ओसरीवरच जुळवले आणि जुन्या रीतीप्रमाणे त्यात रचणारींची नावे गुंफली — 'मंगल-शालन सांगती'.

गाणे सुंदर होते. तेच मला — कसे सांगू? — तेच मला सोसले नाही.

मी म्हणालो, देवाच्या गाण्यात आपले नाव घालणे शास्त्राला मान्य नाही.

मंगल म्हणाली, "पर गुरुजी, संतांची नावं असत्यात की अभंगात."

"ते संत होते," मी म्हणालो.

दोघींनी माना खाली घातल्या. नाव काढले. चॅनेललाही देवाचेच नाव दिले.

असे शास्त्र कुठे आहे? कुठेही नाही, आणि हे मी जाणत होतो. तरुणपणापासून मी स्तोत्रे रचत आलो; प्रत्येकाच्या अंतिम श्लोकात माझे नाव आहे. ती मी छापूनही घेतली. कुणी म्हणत नाही — माझी सूनही नाही. आणि त्या दिवशी दूध घालायला निघालेली एक बाई आमच्या फाटकाशी थबकली, अन् जाताना या दोघींची ओळ गुणगुणत गेली. नाव काढा, असे मी सांगितले ते त्यानंतर.

पुढे बारामतीकडच्या एका ऑर्केस्ट्राने ते गाणे 'पारंपरिक' म्हणून उचलले. लग्नांतून ते वाजू लागले. इंदापुरात नात्यातल्या एका हळदीला शालन सहज बोलून गेली, हे आमचं गाणं. बायका हसल्या. "अगं, माझी आजी म्हणायची हे. तुजं चॅनेल कवाचं?" शालन न जेवता परत आली.

दुसऱ्या दिवशी दोघी माझ्याकडे आल्या — तक्रार करायला नव्हे. मंगल म्हणाली, "गुरुजी, नाव न्हवतं त्येच बरं झालं. न्हायतर मोठेपणाचं पाप लागलं असतं, व्हय ना?" शालन माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या वेळी एक वाक्य पुरले असते. त्या गाण्याचे कडवे त्यांच्या ओठांवर जन्मताना पाहिलेला साक्षीदार माझ्यावाचून दुसरा होता कोण? मी होकारार्थी मान हलवली आणि दोघींच्या हातावर तीर्थ घातले.

आजच्या गाण्यातही शेवटच्या कडव्यात नाव नाही. माझे असत्य त्या अजून धर्म म्हणून पाळत आहेत.

याला अज्ञान म्हणू? ते नव्हते. आरंभी मत्सर होता. नंतर, तो उघडा पडेल याचे भय. म्हणून आता स्पष्ट लिहितो: बागेच्या देवाचे ते गाणे बावड्याच्या मंगल आणि शालन यांनी रचले — शेवटचे कडवे तर माझ्या ओसरीवर, माझ्यासमोर. उद्या हा कागद त्यांच्या शेडमध्ये जाऊन मीच वाचणार आहे. त्यानंतर मला गुरुजी म्हणायचे की नाही, हा त्यांचा अधिकार. त्यांच्याकडे, आपल्याकडे, मला काही मागायचे नाही.

आपल्या घरी जे कोणी गात असेल, त्याचा कंठ निर्भय राहो. श्रीनरसिंह आपले आणि आपल्या कुटुंबाचे सर्वकाळ रक्षण करो.