तीन रांगांची नाव

दातवाल्या ताईंच्या घरी पाहुणा आला की त्याला खुर्ची मिळायच्या आधी मागच्या अंगणातली कपडे धुण्याची टाकी बघावी लागे. चहापाणी मागाहून. टाकीत काही ना काही तरंगत असायचंच, आणि ते बघून पाहुण्याने 'अरे वा' म्हटलं नाही, तर त्या चहात साखर कमी पडायची असं ताईंचे यजमान सांगत.

ताईंचा जन्म दुसऱ्यांच्या कवळ्या करण्यात गेला. डॉक्टर पुढच्या खोलीत तोंडाचं माप घेत आणि मागच्या खोलीत ताई मेण, प्लॅस्टर आणि हिरड्यांच्या रंगाचा तो गुलाबी मसाला घेऊन बसत. गावातली निम्मी म्हातारी मंडळी ताईंच्या हातच्या दातांनी हसायची. रस्त्यात कोणी नमस्कार केला की ताई आधी गोंधळायच्या. समोरच्याने तोंड उघडलं की मग ओळख पटायची. "हां, तुम्ही होय! खालचा डावा सुळा जरा पुढे हवा म्हणाला होतात." सुनेसमोर सासऱ्याचं हे गुपित फुटलं तरी ताईंना त्याचं काही नसे.

यजमानांना सगळे कप्तान म्हणत. ते कधीच कप्तान नव्हते. खाडीपलीकडे माणसं नेणाऱ्या बोटीच्या तळाशी, इंजिनाच्या खोलीत, तेलाने माखलेले असे ते उभे असायचे. पण नाव पडलं ते पडलं. लग्नानंतर ताई पहिल्यांदा त्या बोटीत बसल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "एवढं लोखंड पाण्यावर राहतं कसं?" कप्तान रुबाबात म्हणाले, "इंजिन आहे म्हणून." बोट धक्क्याला लागली, इंजिन बंद झालं, आणि बोट तशीच तरंगत राहिली.  नव्या नवरीने पहिल्याच दिवशी नवऱ्याला खोटं पाडू नये एवढी समज ताईंना होती. पण प्रश्न मनात रुतला तो रुतलाच, आणि निवृत्तीनंतर दातांची हत्यारं घेऊन त्या त्याच्या मागे लागल्या.

आधी झाली ओंडक्याची होडी. एकच लाकूड, आतून जाळत आणि कोरत पोकळ केलेलं. मग लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून केलेली, दोन्ही टोकं वर वळलेली. मग पोटाशी फुगीर, पोटात माल भरून न्यायचं शिडाचं गलबत. मग दोन्ही कुशींना चाकं असलेली आगबोट, तिच्या धुराड्याला कापूस लावलेला. शेवटी पेट्यांवर पेट्या रचलेलं आजचं मालवाहू जहाज, ज्याला ताईंची धाकटी बहीण 'तरंगती माडी' म्हणे. ताईंचा नियम एकच. जे टाकीत तरंगणार नाही ते जहाज नव्हे, ती शोभेची वस्तू; आणि शोभेच्या वस्तू दुकानात पुष्कळ मिळतात.

गावच्या ग्रंथालयात एक खोली रिकामी झाली तेव्हा ग्रंथपालबाई स्वतः टाकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. बघता बघता त्यांनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि आगबोट ढकलून पाहिली. "ताई, ही सगळी रांग मला द्या," त्या म्हणाल्या. "काचेत ठेवू. पण काचेत जायच्या आधी आमच्या अंगणातल्या हौदात एकेक सोडू, सगळ्या गावासमोर. माणूस पाण्यावर कसा कसा निघाला ते लोकांना डोळ्यांनी दिसू दे."

"रांगेत एक कमी आहे," ताई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "जुन्या काळची वल्ह्यांची मोठी लढाऊ नाव. तीन रांगांची. माणसांवर माणसं बसवून चालवलेली. ती नसेल तर रांगेला अर्थ नाही, एकदम होडीवरून गलबतावर उडी पडते."

"मग करा ना. रविवारपर्यंत होईल?"

ताई 'हो' म्हणून बसल्या. कप्तानांनी कपाळाला हात लावला.

तशी ती नाव अर्धीअधिक तयार होती. लांब, सडपातळ, कागदासारख्या पातळ पट्ट्यांची. ताईंनी पुस्तकं आणून वाचलं होतं की ही नाव इतकी हलकी असे की संध्याकाळी माणसं तिला ओढून किनाऱ्यावर घेत. पुढच्या टोकाला शत्रूला भोसकायची पितळी चोच. दोन्ही अंगांना वल्ह्यांच्या तीन रांगा, एकीच्या खाली दुसरी. कवळ्या कोरायच्या बारीक यंत्राने भोकं पाडली होती, आणि पाण्याजवळच्या भोकांना डॉक्टरांकडे असतं तसल्या पातळ रबराच्या बाह्या घातल्या होत्या, पाणी शिरू नये म्हणून. खऱ्या नावेत तिथे कातडं असे. वल्हेकरी साच्यातून काढले होते, त्याच गुलाबी मसाल्याचे. वरच्या रांगेत ते ओळीने बसले होते आणि छतावर भालेवाले उभे होते.

"नावाडी आहेत की हिरड्या?" कप्तानांनी विचारलं.

"रंग द्यायचा आहे अजून."

"देऊ नको. शत्रू हसूनच मरेल."

शुक्रवारी सकाळी धाकटी आपली प्रार्थना उरकून आली. ती रोज येई आणि आल्याबरोबर काल काय झालं ते सगळं विचारून घेई. तिघं टाकीपाशी उभी राहिली. ताईंनी नाव दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवली, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी, आणि हात काढले. नाव क्षणभर राहिली. मग अगदी सावकाश, झोप आलेल्या माणसासारखी, एका कुशीवर कलंडली आणि भालेवाल्यांसकट पालथी झाली.

"गेली," कप्तान म्हणाले.

ताईंनी ती उचलली, झटकली, पुसली, पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डावीऐवजी उजवीकडे पडली एवढाच काय तो फरक.

"तळाला शिसं चिकटव," कप्तान म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "वीतभर पट्टी. कोणाला दिसणार आहे? तरंगेल झकास."

"तरंगेल, पण ती शिशाने तरंगेल. तेव्हाच्या लोकांनी तळाशी शिसं भरलं नव्हतं. त्यांची तरंगत होती ना? मग माझीच का पडते?"

"ताई, मग बाईंना सांग, ही नुसती काचेत ठेवा," धाकटी हळूच म्हणाली. "हौदात सोडू नका. त्या समजून घेतील."

"समजून घेतील गं. मीच घेणार नाही. नाही तरंगली तर ती जाणार नाही. रांगेत जागा रिकामी राहू दे."

 ताईंनी कधी समुद्रपर्यटन केलं नव्हतं, खाडीच्या पलीकडेही दोनदाच गेल्या होत्या. पण इतकी माणसं एका श्वासात वल्हं ओढताहेत, एकाने जागेवरून उठायचं म्हटलं तरी सगळी नाव डोलते, हे वाचल्यापासून त्या नावेने त्यांची झोप नेली होती. बाकीची जहाजं त्यांनी करून पाहिली होती. हिच्या मात्र त्या प्रेमात पडल्या होत्या. साठी उलटलेल्या बाईने लाकडाच्या पट्ट्यांना जीव लावावा हे कोणाला सांगणार? धाकटीने विचारलं नाही. घरी जाऊन तिने देवापुढे हात जोडले आणि आपल्या मागण्यांत ह्या नावेची भर घातली. देवापुढे कशाची लाज नसते.

दुपारी कप्तान ओसरीवर सफरचंद घेऊन बसले. सुरी आणायचा कंटाळा, म्हणून अख्खंच तोंडात धरलं आणि पुढच्या दातांनी लचका तोडला. त्याबरोबर वरची कवळी मागून सुटून पुढे आली. "ह्ह," असा काहीतरी आवाज करत त्यांनी अंगठ्याने ती जागेवर बसवली.

ताईंचं तोंड आपोआप सुरू झालं. हे वाक्य त्या उभ्या जन्मात हजारोंना बोलल्या होत्या. "पुढच्यांनी तोडू नका म्हणून किती वेळा सांगायचं? पुढचे नुसते दिसायला. तोल मागचे सांभाळतात. ते दिसत नाहीत म्हणून काय ते नाहीतच? मागच्या दाढा नसतील तर कवळी उल..."

त्या थांबल्या. कप्तानांना वाटलं, बायकोला काही झालं. हातातलं सफरचंद टाकून ते उठले.

"अहो," ताई म्हणाल्या, "मी खाली कोणी बसवलेलंच नाही."

"कुठे खाली?"

"नावेत. वरची रांग दिसते म्हणून वरचीच माणसं केली. मधली दिसत नाहीत, खालची तर मुळीच दिसत नाहीत, म्हणून तिथे नुसती वल्ही चिकटवली. माणसंच नाहीत. सगळं वजन डोक्यावर, आणि पोट रिकामं. पडेल नाही तर काय करेल बिचारी?"

कप्तान बघतच राहिले. मग खो खो हसत सुटले, इतके की कवळी काढून हातात घ्यावी लागली. "आयुष्यभर मी कुठे उभा होतो?" ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "तळाशी. मला विचारायचं ना."

"तुम्ही शिसं सांगत होता."

"ते जाऊ दे. किती लागतील माणसं?"

खूप लागणार होती. आणि त्यांना आत बसवायचं तर वार्निश दिलेलं छत आणि वरची बाकं उचकटायला हवी होती. एक पट्टी चिरली की संपलं. ताईंनी मेण कापायची सुरी दिव्यावर गरम केली आणि जोडावर ठेवली. सरस मऊ पडायची वाट बघत, जबड्यात अडकलेली कवळी सोडवावी तसं त्यांनी छत उचललं. धाकटी श्वास रोखून उभी होती. छत सुटून हातात आलं, अख्खं.

मग घराचा कारखाना झाला. धाकटी साच्यात मसाला भरे, ताई माणसं काढून घासत, कप्तान त्यांना बाकांवर बसवत. आपण होऊन त्यांनी तळाची रांग मागून घेतली. "हे आमच्यातले," ते म्हणाले. प्रत्येकाला बसवताना ते काही ना काही बजावत. "तू नीट बस. तू शेजाऱ्याच्या मांडीवर नको. तुला काय, वारा लागत नाही? मलाही लागत नव्हता." शनिवारचं जेवण तिघांनी उभ्याउभ्याच उरकलं. धाकटीच्या घरून निरोप आला की आज घरी चूल पेटणार आहे की नाही. तिने उलट निरोप धाडला की सकाळची भाकरी आहे, ती खा, इथे माणसं बसवायची आहेत.

वजन वाढलं तशी दुसरी भीती उभी राहिली. नाव आता खोल बसणार, आणि खालची भोकं पाण्याच्या अगदी जवळ. रबराच्या बाह्या घट्ट नसतील तर पालथी होण्याऐवजी भरून बुडेल. टाकीत बघायला वेळ होता, पण छताचा सरस वाळायला तो लागणार होता. ओल्या सरसाने नाव पाण्यात घातली असती तर केलेलं सगळं फुकट. ताईंनी तिला हात लावू दिला नाही. पहिल्यांदाच त्यांचं एक जहाज टाकी न बघता घराबाहेर पडणार होतं.

रविवारी ग्रंथालयाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हौदाच्या काठावर म्हातारी मंडळी आधीच येऊन बसली होती; ताईंना सगळे ओळखीचे वाटले, कारण सगळे हसत होते. ग्रंथपालबाई एकेक जहाज हातात घेत, दोन शब्द सांगत आणि पाण्यावर सोडत. ओंडक्याची होडी गेली. लव्हाळ्याची गेली. मग त्यांनी बाजूला होऊन ताईंना पुढे बोलावलं.

नाव टाकीत घालून पाहिलेली नाही, हे ताईंनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी खालच्या रबराच्या बाह्या एकदा बोटाने दाबून पाहिल्या. कप्तान त्यांच्या शेजारी येऊन वाकले. नाव पाण्याला टेकली. खाली गेली, आणखी खाली, भोकांच्या जवळ, आणि तिथे थांबली. ताईंनी हात काढले.

नाव उभी राहिली. वल्ह्यांची टोकं तिन्ही रांगांनी पाण्यावर पसरली होती, एखादा मोठा किडा पाण्यावर पाय रोवून उभा असावा तशी. कोणीतरी टाळी वाजवली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, नावेच्या कुशीला लागली, आणि ती कलली. भालेवाले तिरपे झाले. धाकटीने डोळे मिटून घेतले. 

कलली तेवढीच राहिली, जरा थबकली, आणि मग कोणी हात न लावता सरळ झाली. पुन्हा एकदा डोलली आणि चोच पुढे करून हौदाच्या मध्यावर निघाली.

"उठली गं," कोणीतरी कानाशी म्हणालं तेव्हा धाकटीने डोळे उघडले. ताई हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि दोन्ही एकदम करताना पदर कशाला लावावा ते त्यांना सुचत नव्हतं.

कप्तान मात्र अजून गुडघ्यांवर होते. हौदाच्या काठाला गाल टेकवून, एक डोळा मिटून ते पाण्याच्या पातळीवरून बघत होते.

"काय बघताय?" ताईंनी विचारलं.

"खालची रांग," ते म्हणाले. "कोरडी आहे. सगळे कोरडे आहेत."