आधी काकींचा हात

नवी क्रीम आली की काकी बाही वर सारायच्या आणि बॉलपेनने डाव्या हातावर एक चौकोन काढायच्या. त्यात बोटभर क्रीम चोळून म्हणायच्या, "आधी माझा हात, मंग लोकांचं तोंड."

खालापूरजवळच्या आमच्या क्रीमच्या कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तपासायला आम्ही प्रयोगशाळेतले होतोच. पण "तुमच्या मशिनीला खाज सुटती का गं?" असं त्यांनी विचारलं की आम्ही हसून डबी त्यांच्यापुढे सरकवायचो. चौकोन पुसू नये म्हणून कडाव गावी, घरी, त्या एका हाताने भांडी घासत. मला त्या फार आवडायच्या.

मग ती नवी क्रीम आली. तिच्यातला एक घटक त्वचेवर ऊन पडलं की व्हिटॅमिन डीमध्ये बदलतो, हे मीच जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. काकींनी चौकोन काढला, जेवण झाल्यावर रोज हात उन्हात धरून बसल्या. पुरळ नाही, लाली नाही. स्वारी खूश.

त्याच सुमारास त्यांची लेक बाळंतपणाला आलेली; नात झाली. डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब बाळ थुंकून टाकायचं. काकी म्हणाल्या, "थेंब कशाला? आपली क्रीम हाय की. माझ्या हाताला काय झालं नाय."

दुसऱ्या दिवशी त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या.

"सकाळी पोरीला मांडीवर घेतली, कोवळ्या उन्हात. तेलाच्या जागी क्रीम घेतली. सवयीनं पेन काढलं आन् तिचा हात धरला. एवढासा हात गं. चौकोन काढू कुठं?"

"मग?"

"मंग काय, क्रीम पुसली. तेल लावलं. थेंब गालात सोडले, गिळले तिनं."

मी सांगितलं, ही क्रीम मोठ्यांच्या चेहऱ्यासाठी तपासलेली आहे, तान्ह्या बाळांसाठी नाही. आणि थेंबांचं काम क्रीमने होणार नाही.

"म्हंजे बराबर केलं मी," म्हणून त्या समाधानाने पॅकिंगला गेल्या. ते उन्हाचं मीच सांगितलेलं, म्हणून मला बराच वेळ हायसं वाटत राहिलं.

आता काकी निवृत्त झाल्यात. नवी क्रीम आली की आम्ही उगाच दाराकडे बघतो.

परवा कडावला गेले होते. अंगणभर धावून दमलेली नात काकींच्या डाव्या हातावर डोकं ठेवून झोपली होती. त्या हातावर चौकोन नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी काही बोलणार तोच काकी हळूच म्हणाल्या, "थांब. हात हलवता येत नाय."