भरती झालेल्या पोराचं केळवण

ग्राऊंडवर चार वर्षं उभं राहिलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून अंगावर येतात. पोरं पळतात, मी शिट्टी मारतो आणि गावातले झाडून सगळे शहाणे कडेच्या दगडावर येऊन बसतात. एरवी हे मी हसत सांगतो. किरणच्या वेळचं आठवलं की मात्र अजून डोकं तापतं.

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. गाव मला 'मेजर' म्हणतं. आमच्याकडे फौजेतून घरी आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही. पिंपळवंडीच्या अलीकडे माळावर मी चुन्याच्या फक्कीने चारशे मीटरचा ट्रॅक आखलाय. चार फेऱ्या मारल्या की सोळाशे मीटर. भरतीची तयारी करणारी पोरं रोज सकाळी तिथे येतात आणि माझ्या शिव्या खातात.

* * *

किरण हा माझ्या मित्राचा, दत्ताचा मुलगा. दत्ता पिकअप चालवतो, भाजीपाला मार्केटला नेतो. भरतीला किरणने सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत मारलं, लेखी परीक्षाही काढली आणि लिस्टमध्ये नाव आलं. ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायला अडीच महिने होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्राऊंडवर, किरण घरी झोपलेला. मी फोन केला.

"मेजर, आता कशाला पळायचं? झालो की मी भरती."

आता याला काय म्हणायचं? अरे, भरती ही नुसती दारावरची बेल आहे, घर अजून पुढेच आहे. ट्रेनिंगला पहिल्याच आठवड्यात जे पळवतात, ते मी सोसलंय. तयारी मोडून गेलेली दांडगी पोरं मी तिथे रडताना पाहिली आहेत. एक तर आजारी पडून तसाच घरी परतला आणि पुन्हा कधी गावात मान वर करून चालला नाही. हे सगळं मी फोनवर सांगितलं. पलीकडून घोरण्याचा आवाज आला.

* * *

मग सुरू झाले सत्कार. चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याने किरणचं मुंडकं कोणत्या तरी मोठ्या अधिकाऱ्याच्या धडावर बसवलं. पोराला अजून सरकारी बूट मिळाले नाहीत आणि छातीवर मेडलच्या तीन रांगा!

दुसरा फ्लेक्स उत्साही मंडळींनी थेट माझ्या ग्राऊंडवर लावला. कुठे, तर ट्रॅकच्या वळणावर. बांबूसाठी दोन हातभर खड्डे खणले. मी बोंब मारली तर म्हणाले, "मेजर, पोरांना प्रेरणा मिळंल."

तिसऱ्या दिवशी त्याच प्रेरणेत एका पोराचा पाय मुरगळला. खड्डे मी बुजवले. फ्लेक्स गोठ्यावर टाकायला कोण घेऊन गेलं ते कळलं नाही, पण चांगल्या कामाला लागला.

* * *

शिव्या घालून घालून किरणला परत ग्राऊंडवर आणला. आला, तर सोबत दोन मित्र आणि मोबाईल. रील काढायची होती. सूर्य उगवतोय, किरण पळतोय, मागे गाणं.

पहिले पन्नास मीटर पळाला. मित्र म्हणाला, "सूर्य नीट आला न्हाई, परत." पुन्हा पन्नास मीटर. मग चेहऱ्यावर घाम नव्हता म्हणून बाटलीतलं पाणी मारलं. घाम बाटलीतून! चौदा वेळा तो तेवढंच पळाला आणि उन्हं चढल्यावर दमलो म्हणून घरी गेला.

संध्याकाळी रील गावभर फिरली. लोक मला थांबवून सांगायचे, "पोरगं लई मेहनत घेतंय राव."

* * *

खरी आग लावली ती जेवणांनी. आमच्याकडे लग्न ठरलं की भावकी आणि पाहुणे नवरदेवाला केळवणाला बोलावतात. कुणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, पण पोरगं फौजेत चाललंय म्हणून त्यालाही बोलवायला लागले. राजुरीच्या आत्याकडे पुरणपोळ्या. चुलत्याकडे मासवडी आणि रस्सा. खोडदच्या मामाकडे आमरस, वर श्रीखंड. शिवाय आमच्याकडे वाढलेल्या ताटाला नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात ऐकवतात.

महिन्याभरात पोराचे गाल वर आले. मी घड्याळ लावलं. सोळाशे मीटरला सहा मिनिटं चाळीस सेकंद! पाच वीसवाला पोरगा! शेवटच्या वळणावर खाली बसला आणि त्याने सकाळचा चहा ट्रॅकवर ओतला.

मी तडक खोडदला मामाकडे गेलो. म्हटलं, "पाहुणं, पोराला जगू द्या. याला पळायचंय."

मामा शांतपणे म्हणाला, "पळंल की वो. पण तितं त्याला आमरस कोन देनार?"

मी रागारागाने निघालो तर मामाने मलाच हाताला धरून पाटावर बसवलं. दोन वाट्या आमरस खायला लावूनच सोडलं. माझी फजिती ही अशी.

* * *

त्यात बिबट्या. ग्राऊंडच्या एका अंगाला उसाचं रान आहे, म्हणून उजाडल्याशिवाय मी कुणाला पळू देत नाही. तरी किरणची आई रोज त्याच्यासोबत यायला लागली. सुमन वहिनी. हातात काठी, डोक्याला स्कार्फ. पोरगं ट्रॅकवर आणि ही बाई उसाकडे तोंड करून पहाऱ्याला उभी. बाकीची पोरं फिदीफिदी हसायची.

मी चिडलो. "वहिनी, फौजेत चाललाय तो. तिथे पण जाणार आहात का काठी घेऊन?"

"तितं बंदूक देत्यात, भावजी. हितं काय हाय त्याच्याकडं?"

मग मी मनात साचलेलं सगळं तिच्यावर काढलं. काठी घेऊन बिबट्याला काय अडवता, घरात त्याला डिंकाचे लाडू कोण चारतं? या पोटाने तो पहिल्या आठवड्यात आडवा पडेल आणि परत आला तर हेच केळवणवाले त्याच्या तोंडावर हसतील. दत्ताचे कष्ट आणि पोराचं नशीब तुम्ही तुपात तळताय. असं बरंच बोललो. नको इतकं बोललो.

ती उसाकडेच बघत होती. नंतर इतकंच म्हणाली, "आमंत्रनं तर अजून अकरा हायेत. ताटाला न्हाई कसं म्हनायचं?"

* * *

पुढचं आमंत्रण धाकट्या चुलत्याकडे होतं. मीही होतो, पंगतीत समोर. किरणला मासवडीच्या सहा वड्या वाढल्या. त्याने दोन खाल्ल्या. चुलती आणखी चार घेऊन आली आणि तोंडात कोंबायच्या बेतात असतानाच शेजारी बसलेल्या सुमन वहिनीने पोराचं ताट ओढून आपल्यापुढे घेतलं. सगळ्या वड्या खाल्ल्या. ताट पुसून किरणपुढे सरकवलं.

चुलती म्हणाली, "बाई, पोराच्या तोंडचं खाती का?"

"व्हय. ताट रिकामं झालं ना? झाला मान."

मग आत्याकडे पुरणपोळ्या, मामाकडे दुसऱ्यांदा आमरस, सगळीकडे हेच. गावात बोभाटा झाला. हावरट म्हणाले, पोराला उपाशी मारते म्हणाले, बायका पारावर हिच्याकडे बघून कुजबुजायच्या. ज्या लोकांनी पोराचा सत्यानाश चालवला होता तेच हिला आई कशी असावी हे शिकवायला लागले. माझा संताप होत होता, पण तोंड उघडायला मला जागा नव्हती. तिला बोल लावायची सुरुवात मीच केली होती.

किरण मात्र पळायला लागला. सहा दहा. पाच पन्नास. रोज घड्याळाकडे बघायचा, मग काठी घेऊन उभ्या असलेल्या आईकडे. रील काढणाऱ्या मित्रांना त्यानेच घरी पाठवलं. जायच्या आदल्या दिवशी चार फेऱ्या मारून माझ्यासमोर येऊन थांबला. पाच मिनिटं बारा सेकंद. मी त्याला शाबासकी दिली नाही, सवय नाही मला. पाणी दिलं.

* * *

नारायणगावच्या स्टँडवर त्याला सोडायला अर्धं गाव आलं. सगळ्यांच्या हातात डबे. मी एकेक डबा हिसकावून दत्ताच्या पिकअपमध्ये ठेवला. मामा रुसला. अजून बोलत नाही.

पहिल्या रविवारी मी दत्ताच्या घरी असताना किरणचा फोन आला. दत्ताने स्पीकरवर टाकला. "मेजर, पहिल्याच आठवड्यात बरीच पोरं आडवी झाली."

"आणि तू?"

"मी उभा हाये."

वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती. भाकरी थापायची थांबली होती, ती पुन्हा थापायला लागली.

सोमवारी सकाळी मी ग्राऊंडवर पोचलो. पोरं अजून यायची होती. ट्रॅकच्या सुरुवातीच्या रेघेवर सुमन वहिनी उभी. साडी वर खोचलेली, पायात किरणचे जुने बूट, लेसला मी पोरांना शिकवलेली डबल गाठ. महिना-दीड महिन्यात चांगलीच भरली होती बाई, ते त्या उजेडात पहिल्यांदा नीट दिसलं.

"वहिनी, किरण तर गेला. आता कुणाची राखण?"

तिने काठी दगडाला टेकवून ठेवली.

"त्याच्या वाटचं सगळं म्या खाल्लंय, भावजी. घड्याळ लावा."