चाचांच्या नावानं केलेली नोंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कारखान्यात वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या मित्रालाही नाही. आज सांगणार आहे. थोडा अडखळेन, पण मागे फिरणार नाही.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात सगळा साठा कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडे होतं. फुलंब्रीहून रोज एसटीनं येणारा मी, चार अक्षरं कॉम्प्युटरची शिकलो म्हणून भाव खाऊन असायचो. स्टोअर सलीमचाचांकडे होतं. शहागंजचा माणूस, कोणतं बेअरिंग कोणत्या रॅकवर, किती नग, डोळे मिटून सांगायचे. कॉम्प्युटरची मात्र त्यांना धास्ती. त्यांचा पासवर्ड मीच ठरवला, मीच चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली सरकवला. सोय म्हणून — पण कुणाची सोय?

मालकांना सुरुवात दसऱ्याच्या मुहूर्तावरच हवी होती. चाचा म्हणाले, "साहेब, तीन रॅक मोजायचे राहिलेत. दोन दिवस द्या, जल्दी नका करू."

मी 'बघतो' म्हणालो. काय बघितलं? पूजेच्या सकाळी चाचा हार-नारळाच्या गडबडीत असताना त्या तीन रॅकचे आकडे मी अंदाजानं ठोकून दिले. स्टोअरची नोंद त्यांच्याच नावानं करता यायची, म्हणून त्यांच्या नावानं केली. मग मॉनिटरला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, पेढे वाटले.

महिन्याभरात उत्पादनाची लाइन बंद पडली. पडद्यावर बेअरिंग भरपूर, रॅकवर एकही नाही. मालकांनी विचारलं, नोंद कुणाची? मी कागद छापून दिला — चाचांचं नाव, तारीख, वेळ. खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही मला. तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो, बस्स.

चाचा कागदाकडे बघत राहिले. "मला तर याद नाय, साहेब. पर मशीन माझं नाव सांगतंय — तर माझ्याकडूनच झालं असंल."

त्यांना स्टोअरमधून काढून गेटवर बसवलं. मी रोज तिथूनच आत जायचो. मोजमापात कधी न चुकलेला तो माणूस येणाऱ्या ट्रकचा नंबर तीन-तीनदा वाचून लिहायचा, तरी खात्री नसायची. निवृत्त होईपर्यंत असंच. नोकरीपेक्षा मोठं काहीतरी मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, हे मला रोज दिसत होतं. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

उद्या सकाळी शहागंजला त्यांच्या घरी जाणार आहे. माफी मागणार नाही; मागितली की ती द्यायचं ओझंही त्यांच्यावरच पडेल. त्यांनी दार लावून घेतलं तरी बाहेर उभा राहून, गल्लीला ऐकू जाईल असं सांगेन — चाचा, ती नोंद माझी होती. तुम्ही चुकला नव्हता.