वरून पडणारा कापूस

“पिच्चरचं नाव काय, हिरो कोन, ते इचारू नोका. काय झालं ते आयका.” असं म्हणून भाऊ आधी चष्मा पुसत, मग गोष्ट सुरू करत.

भद्रावतीजवळच्या आमच्या दवाखान्यात ते शिपाई होते आणि मी नर्स. बुधवारी लसीकरण असे. पोरं रडायला लागली की भाऊ त्यांना सिनेमा सांगत आणि मी सुई उचलली की म्हणत, “इंटरव्हल.” पुढचं ऐकायचं म्हणून पोरगं हलत नसे. माझं काम सोपं होई, त्यामुळे मी कधी अडवलं नाही.

नोकरीआधी, ऐंशीच्या दशकात, त्यांचं गावात व्हिडिओ सेंटर होतं. नावाजलेले सिनेमे शहरातच अडकत. यांच्या वाट्याला हॉलिवूडचे असे सिनेमे येत, जे अमेरिकेतही फारसे कुणी पाहिले नसावेत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. टीव्हीशेजारी उभं राहून ते सगळं आपल्या बोलीत सांगत.

त्यातला एक होता ट्रक ड्रायव्हरचा आणि त्याच्या कुत्र्याचा. सगळीकडे बर्फ. गावात बर्फ कुणी पाहिलेला नव्हता. बायांनी विचारलं, एवढा कापूस? भाऊंनी दुरुस्ती केली नाही. “तिकडं कापूस वरूनच पडते. वेचा लागत नाई.” बाया वेचणीनं सोललेली आपली बोटं पाहू लागल्या म्हणे.

वादळात कुत्रा हरवतो, ड्रायव्हर शोधायला उतरतो आणि कॅसेट संपते. एका कॅसेटवर दोन सिनेमे भरलेले असत, दुसऱ्याचा शेवट मावत नसे. मग भाऊच सांगत, “कुत्रा घरी आला.” सेंटर बंद झालं, तरी शेवट तोच राहिला.

निवृत्तीनंतर शुगरनं त्यांचे डोळे गेले. तरी बुधवारी येऊन बाकावर बसत. एकदा म्हणाले, “बाई, त्याचा खरा शेवट मले समजला पायजे. एवढ्या लोकायले सांगतलं. खोटं तर नाई ना सांगतलं?”

नाव माहीत नव्हतं, पण माझ्या मुलीनं भाऊंच्या गोष्टीवरून दोन दिवस खटपट करून तो सिनेमा फोनवर शोधला. काम आटोपल्यावर मी त्यांच्याशेजारी बसले आणि दिसेल ते सांगत गेले.

“ट्रक चाललाय. बर्फ पडतोय.”

“कापूस म्हना.”

शेवट आला.

“कुत्रा?”

“मेला.”

“ड्रायव्हर?”

“ट्रक घेऊन निघून गेला.”

भाऊंनी चष्मा काढून पुसला. त्याचा आता उपयोग नव्हता. मग म्हणाले, “बाई, तुमाले पिच्चर सांगता नाई येत.”

त्यानंतर ते गोष्ट इंटरव्हलपर्यंतच सांगू लागले. मी म्हटलं, “भाऊ, पुढचं काऊन नाही सांगत?”

“पुढची कॅसेट तुमच्यापाशी हाय.”

थोड्याच दिवसांत ते गेले. बाकावर आता लसींची पेटी ठेवतो, जागा कमी पडते.

परवा पाच वर्षांची एक पोरगी हात आखडून बसली. मागे धाकट्या भावाच्या लसीच्या वेळी तिनं अर्धी गोष्ट ऐकली होती.

“आजोबानं सांगतलंच नाई. कुत्र्याचं काय झालं?”

माझ्या हातात सुई होती, मागे रांग होती.

“घरी आला,” मी म्हणाले आणि टोचली.