डाव्या बाजूची बटणं

शर्टाचं तिसरं बटण लावता लावता मास्तरांचा हात थांबला. काजं डावीकडे, बटणं उजवीकडे. त्यांनी आरशात पाहिलं. आरशाने उलटंच दाखवलं, म्हणून मान खाली घालून पुन्हा पाहिलं. बाकीची बटणं तशीच राहिली.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. दुकानावर पाटी ‘लेडीज टेलर’ अशी. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा दुकानात मधोमध फळी पडली, काकांनी पुरुषांचं गिऱ्हाईक घेतलं, वडिलांनी बायकांचं. काकांची बाजू पुढे चपलांच्या दुकानाला गेली. मास्तर मात्र ब्लाउज, झगे, स्कर्ट यांतच म्हातारे झाले. बायकांच्या कपड्याला बटण डावीकडे, हे त्यांना आठवावं लागत नसे. हाताला माहीत होतं.

आणि त्याच हाताने त्यांनी तोफखान्यातल्या सैनिकाचा कोट शिवला होता.

गावाला एके काळी चारी बाजूंनी तट होता. आता तटाचा एक तुकडा आणि एक दारूकोठार उरलं आहे. त्या कोठारात नुकतंच लष्करी संग्रहालय उघडलं. तिथल्या प्रमुख बाई कोट घेऊन दुकानात आल्या तेव्हा पाठ, बाह्या, कॉलर धड होत्या. पण कसर लागून पुढच्या दोन्ही बाजूंची चाळणी झाली होती. मास्तरांनी दोन्ही बाजू नव्याने बेतल्या, पितळी बटणं घासून लावली, काजं हाताने केली. मग आनंदाच्या भरात मेहुण्याला फोन केला.

हे मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. फौजेत होते, म्हणून घरात नावच पडलं फौजी. भेटले की विचारणार, “काय दाजी, आज कुणाचा झगा?” त्यांना कोट दाखवायचा, एवढ्यासाठी मास्तरांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. काल ते आले. आज सगळे संग्रहालयात जाणार होते.

“मेहुणे, ऊन फार आहे,” मास्तर चहा देताना म्हणाले. “आज आराम करा. मी जरा जाऊन येतो.”

“ऊन? अहो, मी फौजेत काय छत्री घेऊन उभा होतो?”

“तुम्ही असे काय करताय?” बायको म्हणाली. “काल नाचत होतात. आज पाय ओढताय.”

“बूट चावतोय.”

“घातलाय कुठे अजून?”

रस्ताभर मास्तर पुढे पुढे चालत होते, मग थांबत होते, मग पुन्हा पुढे. खिशात छोटी कात्री आणि सुईदोरा होता. पण त्याचा उपयोग नाही, हे त्यांनाच सगळ्यांत आधी ठाऊक होतं. बटण काढून दुसरीकडे लावता येतं, काज एकदा कापलं की कापलं. शिवाय कोट काचेच्या कपाटात होता.

“दारूकोठार म्हणून पाटी,” फौजी दाराशी म्हणाले, “आणि आत थेंब नाही!” ते स्वतःच हसले. पहारेकरी हसला नाही, त्याला हा विनोद रोज ऐकावा लागत असणार.

आत गार होतं. भिंती इतक्या जाड की बाहेरच्या गाड्यांचा आवाज येत नव्हता. तोफगोळे, जंबिये, पाण्याच्या बाटल्या, एक फुटका ढोल. मास्तरांना काही दिसत नव्हतं. कोट शेवटच्या दालनात होता. ते मेहुण्यांना प्रत्येक तोफगोळ्यापाशी थांबवू पाहत होते.

“गोळा तो गोळा,” फौजी म्हणाले. “तुमचा झगा दाखवा.”

शेवटच्या दालनात दहाबारा माणसं काचेसमोर उभी होती. माहिती सांगणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते, आवाज अजून वर्गातला.

“आता नीट बघा. या कोटाची बटणं कुठल्या बाजूला? डाव्या! पुरुषाच्या कपड्याला असतात का? नाही. मग इथे का?” लोक काचेला नाक लावून बघू लागले. शिक्षकांना तेच हवं होतं. “तोफेची बत्ती उजव्या हातात. ठिणगी उडाली, कोट पेटला, तर रिकाम्या डाव्या हाताने तो झटक्यात काढता यावा, म्हणून!”

लोकांनी ‘अरे वा’ केलं. एका बाईंनी फोटो काढला. मास्तरांच्या कानशिलांतून वाफ निघाली. कुणी चूक धरील, या भीतीने ते सकाळपासून सैरभैर होते. चुकीचं असं कौतुक होईल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. गप्प बसलं की सुटलो. उलट नावच होईल.

“बरोबर आहे,” फौजी मोठ्याने म्हणाले. सगळे वळले. “आमच्याकडेही तोफखान्यात अशीच पद्धत होती. मी घातलाय असा कोट.”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. फौजी सगळी नोकरी रसदीच्या ट्रकवर होते. छाती पुढे काढून ते काचेतल्या पुतळ्याशेजारी उभे होते, आणि शिक्षक मान डोलावून म्हणत होते, “बघा! प्रत्यक्ष पुरावा! उद्यापासून हेही सांगत जाईन.”

उद्यापासून. मास्तरांना ते सहन झालं नाही.

“पद्धत नाही ती,” ते म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले. “पद्धतबिद्धत काही नाही. माझी चूक आहे. पुढच्या दोन्ही बाजू मी शिवल्या.”

“आपण कोण?” शिक्षकांनी विचारलं.

“लेडीज टेलर.”

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळंच दालन. मास्तर हसले नाहीत. हसू ओसरल्यावर लोकांना मघाच्या साक्षीची आठवण झाली आणि सगळे फौजींकडे बघू लागले. फौजी फुटक्या ढोलाची माहिती वाचायला निघून गेले होते.

गलका ऐकून प्रमुख बाई आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. “राहू द्या ना, मास्तर. लोकांना आवडतंय. फोटो पेपरातही येऊन गेलाय.”

“नाही, बाई. तो कोटातला सैनिक माझ्या चुकीत उभा राहायला नको. किल्ली आणा.”

“इथेच करणार दुरुस्ती?”

“दुरुस्ती होतच नाही. दोन्ही बाजू नव्याने बेताव्या लागतील. कापड अजून शोधायचंय.”

बाईंनी एकदा काचेतल्या कोटाकडे पाहिलं. मग किल्ली आणायला गेल्या.

परत जाताना कोट मास्तरांच्या हातावर होता, वरून चादर. ते पुन्हा पुढे पुढे चालले होते. आता मनात कापडाची दुकानं होती. तसला जाड पोत कुठे मिळेल, मिळालाच तर रंग जमेल का. मागून भाऊबहीण येत होते.

“दादा,” बायको साळसूदपणे म्हणाली, “तुमच्याकडे कोटाला बटणं डावीकडे होती का रे?”

“आमच्याकडे,” फौजी म्हणाले, “चेन होती.”

मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. समोरचं कापडाचं दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं होतं.