उलटी चकती

बाजारातले मिस्त्री त्याला नमुनेशेठ म्हणत, आणि तेही तोंडावर. जुन्या मोटारींच्या बारीकसारीक सुट्या भागांचं त्याचं दुकान पाच पायऱ्या चढून होतं. आत भिंतभर लाकडी ड्रॉवर, आणि दारात एकच नियम: नमुना दाखवा, माल न्या. जुना तुकडा हरवला असेल तर तो ज्यात बसतो तो भाग आणा. नुसतं मॉडेलचं नाव सांगणाऱ्याला तो चहा पाजायचा, माल मात्र द्यायचा नाही.

नियम त्याच्या वडिलांचा, अण्णांचा. राग मात्र त्याचा स्वतःचा, बावीस वर्षं मुरलेला.

त्याचं झालं असं. बाजारातला सगळ्यात नावाजलेला इंजिन मिस्त्री म्हणजे वस्ताद. त्याने अण्णांच्या दुकानातला माल घालून एका जुन्या मोटारीचं इंजिन नव्याने बांधलं आणि आठव्या दिवशी ते जाम झालं. मालक बोंबलत आला तेव्हा वस्ताद तडक या पायऱ्यांशी येऊन भर बाजारात ओरडला, "हा म्हातारा नकली माल विकतो!" वस्तादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मिस्त्र्यांनी पायरी चढणं सोडलं. अण्णा चकार शब्द बोलले नाहीत. पुढची चार वर्षं ते रिकाम्या दुकानात ड्रॉवर पुसत बसले आणि पुसता पुसताच गेले. दुकान पुन्हा चालतं केलं ते मुलाने.

आता वस्ताद सत्तरीला टेकला होता. गॅरेज मुलाच्या हाती देण्याआधी तेच हरलेलं इंजिन उभं करायचं आणि ती मोटार स्वतः चालवत फाटकाबाहेर काढायची, असं त्याच्या मनाने घेतलं. मालकाने गाडी केव्हाच त्याच्या गळ्यात मारली होती. पण इतकी वर्षं पोत्यात पडलेल्या इंजिनाचे बारीक तुकडे जागेवर थोडेच राहतात! पिस्टनच्या पिनेच्या क्लिपा गायब, व्हॉल्व्हचे लॉक गायब, क्रँकची अर्धगोल चावी गायब. त्याने भंगारवाले पालथे घातले, परगावी माणसं धाडली. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. आणि गाढव वाटच बघत बसलेलं.

"क्लिप आहे?" वस्तादाने खालच्या पायरीवरूनच विचारलं.

"आहे. पिन आणा."

पिन आली. मग लॉकसाठी व्हॉल्व्ह आला, चावीसाठी पुली आली. एका खेपेला एकच वस्तू, हा नियम नमुनेशेठने खास वस्तादासाठी काढला होता. म्हातारा गुडघे धरून चढायचा आणि हा वर बसून त्याच्या पायऱ्या मोजायचा. बरं वाटायचं त्याला, खोटं कशाला बोला.

शेवटी राहिले थ्रस्ट वॉशर. क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, पुढेमागे सरकू नये म्हणून बसवतात त्या अर्धचंद्राच्या आकाराच्या पातळ चकत्या.

"नमुना?"

"हरवले. स्टँडर्ड साइज दे."

"उद्या बसले नाहीत तर पुन्हा आमचाच माल नकली. जुने आणा."

"हरवले म्हणतोय ना!"

"मग राहू द्या."

वस्तादाने पुढच्या खेपेला कागदावर मापं आणली. त्याच्या पुढच्या खेपेला मुलाला पाठवलं. नमुनेशेठच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस तुटका स्क्रूसुद्धा डब्यात जपून ठेवतो, मग याचे वॉशरच बरे हरवले!

चौथ्या खेपेला वस्ताद भर दुपारी आला. दुकानात चार मिस्त्री उभे होते. त्याने खिशातून फडकं काढलं. "जरा आत चल."

"इथेच दाखवा."

फडक्यात एक जुनी चकती होती. कडेवर पंचने मारलेली दोन टिंबं, अण्णांची खूण. नमुनेशेठने ती उजेडात धरली. तेलाच्या खाचांची बाजू नव्यासारखी कोरी. मागची सपाट पोलादी बाजू मात्र घासून घासून निळी पडलेली. खाचा नेहमी क्रँककडे असाव्या लागतात, हे काल कामाला लागलेला माणूसही जाणतो. माल अस्सल होता. वस्तादाने तो उलटा बसवला होता.

चौघांनीही ते पाहिलं.

"अण्णांना माहीत होतं," वस्ताद खाली मान घालून म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी नमुना बघायला आले होते. मी पाय धरले त्यांचे. म्हणाले, दुकान पडलं तर पुन्हा उभं राहतं, मिस्त्रीचा हात बदनाम झाला की संपला. माझ्या मुलाला कळू देऊ नकोस, म्हणाले."

अण्णा चार वर्षं काय गिळून बसले होते ते नमुनेशेठला आज कळलं. राग ओसरायला हवा होता. तो दुप्पट झाला. अण्णांनी पदरात टाकलेली अब्रू हा माणूस बावीस वर्षं मिरवत होता, आणि अण्णांना खांदा द्यायलासुद्धा आला नव्हता.

"अण्णा मोठ्या मनाचे होते," तो म्हणाला. "मी नाही."

त्याने अण्णांच्या फोटोखाली खिळा ठोकला, चकतीला तार गुंडाळली आणि घासलेली बाजू लोकांकडे करून ती टांगली. मग ड्रॉवर उघडून नव्या वॉशरची पुडी वस्तादाच्या हातावर ठेवली. म्हातारा पायऱ्या उतरू लागला. तो शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत नमुनेशेठ थांबला, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"वस्ताद, खाचा क्रँककडे हं!"